रेझिन किट पहिल्यांदा बनवताय? कापणं, घासणं आणि जोडणं नीट समजून घ्या

प्लास्टिकची दोन-चार किट्स करून झालेली असतात, एखादं विमान, एखादा रणगाडा, एखादा गंडम रोबो, आणि मग कुठेतरी रेझिनचा सुंदर फिगर दिसतो आणि वाटतं आता हे पण करून बघू. करा, नक्की करा, पण एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवा, रेझिन किटमध्ये चिकटवणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. धुणं, कापणं, घासणं, ग्लू न लावता पार्ट जुळवून बघणं आणि सांध्यात तारेच्या पिना घालणं, खरा वेळ यातच जातो आणि फिगर चांगला दिसणार की नाही ते इथेच ठरतं. घाईघाईत फेव्हिक्विक उघडली की मग तो सांधा परत सोडवता येत नाही.

प्लास्टिक किट आणि रेझिन किट यात फरक नेमका काय ते आधी बघू, कारण पुढच्या प्रत्येक स्टेपचं कारण तिथेच आहे. प्लास्टिकचे पार्ट स्टीलच्या मोल्डमध्ये प्रेशरने भरलेले असतात, म्हणून ते एकसारखे आणि नेमके येतात. रेझिनमध्ये पॉलियुरेथेनचे दोन द्रव मिसळून सिलिकॉन रबरच्या मोल्डमध्ये ओततात, बरेचदा हातानेच, आणि तो रबरी मोल्ड थोड्याच कास्टिंगनंतर झिजायला लागतो. त्यामुळे जाड गेट (रेझिन ओतलं तिथे राहिलेले ठोकळे), मोल्डच्या दोन भागांमधली रेघ, हवेचे बुडबुडे, वाकलेली तलवार हे सगळं येणारच, तो काही डिफेक्टिव्ह पीस नाही. जपानमध्ये १९८० च्या दशकात अशा घरगुती किट्सची, म्हणजे गॅरेज किट्सची लाट आली, कारण छोट्या कलाकारांना स्टीलचे मोल्ड परवडणं शक्यच नव्हतं आणि सिलिकॉन-रेझिन घरच्या घरी जमायचं. १९८५ पासून भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हल या तिथल्या किट-मेळ्यामध्ये आजही असे कलाकार स्वतःची किट्स विकतात आणि तिथे कॅरेक्टरच्या मालक कंपन्या फक्त त्या एका दिवसापुरतं लायसन देतात, म्हणजे तो दिवस संपला की ते किट अधिकृतपणे विकता येत नाही. एवढ्या छोट्या प्रमाणावर बनतं म्हणून बॉक्समध्ये जाडजूड माहितीपुस्तिका शोधू नका, बरेचदा एक फोटो आणि एक कागद एवढंच मिळतं.

याच कारणाने स्वस्तातली रीकास्ट किट्स घेऊ नका असं मी मनापासून सांगेन. मूळ पार्टवरून परत मोल्ड काढलेला असतो, डिटेल बुजलेले असतात, पार्ट किंचित आकसलेले असतात त्यामुळे सांधे जुळत नाहीत, आणि ज्याने ते शिल्प घडवलं त्याला एक पैसा मिळत नाही. पहिलं किट म्हणून चार-पाच पार्टचा बस्ट (डोकं ते छातीपर्यंतचा पुतळा) घ्या, १/१० किंवा १/१२ स्केलचा. मोकळे उडणारे केस आणि बारीक बोटं असलेला पूर्ण फिगर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला.

सामान काय लागतं

बरंचसं सामान आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, सगळं इम्पोर्टेड घ्यायची गरज नाही. बारीक दातांची रेझर सॉ, नसेल तर हॅक्सॉचं बारीक दातांचं सुटं पातं एका टोकाला कापडी टेप गुंडाळून. हॉबी नाइफ आणि भरपूर नवीन ब्लेड्स. छोट्या कानशींचा सेट, त्यात चपटी, गोल आणि अर्धगोल तरी हवीच. वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, २४०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे. पिन व्हाइस म्हणजे हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, १ आणि २ मिलिमीटरच्या ड्रिल बिट्ससकट. पितळेची १ मिलिमीटरची सरळ तार. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत कानशी, ड्रिल बिट्स, पितळी तार असलं सगळं मिळून जातं. जाड पिनांसाठी सायकलचा स्पोक झकास, साधारण २ मिलिमीटर जाड असतो आणि अजिबात वाकत नाही, फक्त कापायला चांगली पक्कड लागते.

ग्लूमध्ये फेव्हिक्विकसारखा सुपर ग्लू आणि अराल्डाइटसारखा दोन ट्यूबवाला एपॉक्सी. प्लास्टिक किटचा सिमेंट बाजूला ठेवा, तो पॉलिस्टायरीन वितळवून जोडतो, रेझिनवर त्याचा काहीच उपयोग नाही. आणि एन-९५ मास्क. हा मास्क सामानाच्या यादीत शेवटी लिहिलाय पण विकत पहिल्यांदा तोच घ्या.

मास्कचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे लोक फार निष्काळजी असतात. रेझिन घासलं की इतकी बारीक पूड होते की ती हवेत तरंगत राहते आणि थेट फुफ्फुसात जाते. कापडी मास्कने ती अडत नाही. उपाय सोपा आहे, जेवढं घासाल तेवढं ओलं घासा, पाण्याची वाटी बाजूला ठेवा आणि पेपर सतत बुडवत राहा, म्हणजे पूड पाण्यातच राहते. करवतीने किंवा ड्रिलने कोरडं काम करताना मास्क लावाच. नंतर टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम चालू असताना बाजूला चहा-बिस्किटं नकोत, आणि घरात लहान मुलं असतील तर जेवणाच्या टेबलवर हे काम अजिबात नको. वाटीतलं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतू नका, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ कागदात पुसून कचऱ्यात टाका.

बॉक्स उघडल्यावर

सगळे पार्ट एका ट्रेमध्ये मांडा आणि फोटोशी किंवा पार्ट लिस्टशी टॅली करा. काही कमी असेल किंवा तुटलेलं असेल तर विक्रेत्याला लगेच कळवा, एकदा का तुम्ही कापायला सुरुवात केली की मग कोणी ऐकत नाही. मोबाईलवर सगळ्या पार्टचे फोटो काढून ठेवा, पुढे कुठला तुकडा कुठला हे शोधताना फार कामाला येतात.

मग धुणं. मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून सिलिकॉनचं तेलकट रिलीज एजंट मारलेलं असतं, ते राहिलं तर प्रायमर (रंगाआधीचा हात) आणि रंग पापुद्र्यासारखे निघतात, आणि हे महिन्याभराने कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाका, पार्ट पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, जुन्या टूथब्रशने केसांच्या खाचांमधून, कपड्यांच्या चुण्यांमधून नीट घासा, दोनदा खळाळून धुवा. बारीक पार्ट पिठाच्या चाळणीत घेऊन धुवा म्हणजे बेसिनमधून वाहून जायची भीती नाही. पाणी कोमटच हवं, कडक गरम पाण्यात पातळ पार्ट वाकतात.

गेट कापणं

रेझिन ओतताना जिथून आत गेलं आणि हवा जिथून बाहेर आली तिथे जाड ठोकळे राहतात, त्यांना गेट म्हणतात. इथे नवीन लोकांचा हमखास घोटाळा होतो तो म्हणजे गेट समजून खुंटी कापून टाकणं. पार्ट जोडताना पकड मिळावी म्हणून शिल्पकाराने मुद्दाम खुंट्या दिलेल्या असतात आणि त्या दिसायला गेटसारख्याच असतात. ओळखायची रीत अशी की खुंटीचा आकार नीट असतो, कडा साफ असतात आणि समोरच्या पार्टमध्ये तिच्या मापाची खोबण असते. गेट मात्र ओबडधोबड असतो, टोकाला तुटल्यासारखा किंवा कापल्यासारखा, आणि त्याला जोडीदार खोबण कुठेच नसते. कापायच्या प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलने फुली मारा, सगळ्या फुल्या मारून झाल्या की परत एकदा समोरचे पार्ट बघा आणि मगच करवत हातात घ्या.

प्लास्टिक किटचं निपर जाड गेटवर वापरू नका. निपरची दोन पाती पाचरीसारखी घुसतात, रेझिन ठिसूळ असल्यामुळे ते कापलं जायच्या ऐवजी फुटतं आणि बरेचदा पार्टच्या अंगातला एक टवका घेऊनच बाहेर येतं. पेन्सिलपेक्षा जाड काही दिसलं की करवत. पार्टपासून एक-दोन मिलिमीटर लांब कापा, सरळ अंगालगत नाही. पहिले काही झटके अगदी हलके, नुसती खाच पाडण्यापुरते, मग लांब आणि सावकाश. दाब द्यायचा नाही, दातांना त्यांचं काम करू द्या. करवत अडकायला लागली तर थोडं पाणी लावा. जो एक-दोन मिलिमीटर उरला तो ब्लेडने पातळ पातळ सालं काढत कमी करा आणि शेवटी चपट्या कानशीने सपाट करा. ब्लेड बोटांच्या दिशेने कधीच ओढू नका, आणि बोथट झालं की लगेच बदला, बोथट ब्लेडला जोर जास्त लावावा लागतो आणि तेव्हाच ते सटकतं.

कापलेले गेट फेकू नका, एका डबीत ठेवा. पुढे सांगतो कशाला.

मोल्डची रेघ आणि घासणं

मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात तिथे पार्टवरून एक बारीक रेघ जाते. पांढऱ्या किंवा क्रीम रेझिनवर ती दिसतच नाही, म्हणून टेबल लॅम्प अगदी बाजूने, तिरका धरा आणि पार्ट हळूहळू फिरवा, रेघेची सावली पडली की लगेच कळतं. नखाने पण लागते. रेघ पातळ असेल तर ब्लेड जवळजवळ उभं धरून नुसतं खरवडा, कापू नका. कपड्यांची शिवण, केसांच्या बटा जिथे असतील तिथे खरवडताना खाचेच्या दिशेनेच जा, आडवं गेलात तर डिटेल पुसलं जाईल. कधीकधी मोल्डचे दोन भाग सरकलेले असतात, मग नुसती रेघ नाही तर पायरीच असते. ती सगळी घासून सपाट करायच्या भानगडीत पडू नका कारण त्या नादात पायाची पोटरीच बारीक होते, खालच्या बाजूला थोडी पुटी (फटी भरायचा लगदा) भरा, वरची बाजू थोडी घासा आणि मधे भेटवा.

वॉटर पेपरचा क्रम पाळा. २४० नंबर फक्त आकार बदलायला, गेटचे ठसे घालवायला. नंतर ४००, तो २४० चे ओरखडे काढतो. मग ६००. चेहरा आणि उघडी त्वचा असेल तिथे ८००. त्याच्या पुढे जाऊ नका, फार गुळगुळीत पृष्ठभागाला प्रायमर नीट धरत नाही. मधला नंबर गाळला तर जाड ओरखडे तसेच राहतात आणि वरून नुसती चमक येते, म्हणून प्रत्येक नंबर बदलताना घासायची दिशा पण बदला, आधीचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते गेले की पुढे जायचं.

सपाट भागाला पेपर आइस्क्रीमच्या काडीवर डबल टेपने चिकटवून घासा म्हणजे कडा गोल होत नाहीत. गाल, खांदा, मांडी अशा गोलाईवर मात्र काडी चालणार नाही, तिथे स्पंजच्या पातळ तुकड्याला पेपर गुंडाळा आणि हात गोल फिरवत ठेवा. एकाच जागी चार वेळा जास्त घासलं की तिथे सपाट चट्टा पडतो आणि तो कच्च्या रेझिनवर दिसत नाही, रंग दिल्यावर गालावर उजेड पडला की दिसतो. मोटरवालं रोटरी टूल सुरुवातीला नकोच, स्पीड जास्त झाला की रेझिन गरम होऊन बिटला चिकटतं आणि एका सेकंदात नको तिथे खड्डा पडतो.

बुडबुडे आणि वाकलेले पार्ट

बारीक भोकं दिसतात ती हवेच्या बुडबुड्यांची. वरवर पुटी फासली तर आत हवा अडकते आणि घासल्यावर भोक परत उघडं पडतं, त्यामुळे आधी ते भोक ड्रिल बिटच्या टोकाने थोडं मोठं करा, कडा साफ करा आणि मग भरा. छोट्या भोकाला सुपर ग्लूचा थेंब आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर, मस्त भरतं आणि घासायलाही बऱ्यापैकी मऊ राहतं. खाण्याच्या सोड्याने पण भरता येतं, सोडा पडताक्षणी ग्लू घट्ट होतो, पण तो रेझिनपेक्षा फारच कडक होतो, मग घासताना आजूबाजूचं रेझिन जातं आणि सोड्याचा उंचवटा तसाच राहतो. काहीही वापरा, पण तासाभरात घासून घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकलं की ते अजून कडक होतं.

वाकलेली तलवार, भाला, झग्याची कड यासाठी गरम पाणी. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग पार्ट चिमट्याने आत धरा, अर्धा-एक मिनिट. पॉलियुरेथेन रेझिनला मोल्डमधला मूळ आकार आठवतो असं समजा, बरेचदा वाकडी तलवार पाण्यात स्वतःहूनच सरळ व्हायला लागते आणि ते बघताना भारी वाटतं. राहिलेलं हाताने हळूच सरळ करा, काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून चेक करा आणि त्याच अवस्थेत गार पाण्यात बुडवा. गार न करता सोडलं तर परत वाकेल. गार पार्ट जोर लावून सरळ करायला जाऊ नका, कट् करून तुटतो. आणि उन्हाळ्यात किट बंद गाडीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, सरळ केलेले पातळ पार्ट परत झुकतात.

कोरडी जुळवणी आणि पिना

आता ग्लू न लावता पूर्ण फिगर मास्किंग टेपने उभा करून बघा. हे टाळू नका. हाताचा कोन, डोकं कुठे बघतंय, पाय बेसवर पूर्ण टेकतायत का, फट कुठे राहते, सगळं आत्ताच कळतं. फट असेल तर आधी खोबणीच्या आत बघा, बहुतेक वेळा आत एखादा रेझिनचा दाणा किंवा गेटचा उरलेला तुकडा अडत असतो, तो काढला की पार्ट टक्क बसतो. पुटीचा विचार त्यानंतर.

पिना कशासाठी, तर रेझिन प्लास्टिकपेक्षा जड असतं आणि सुपर ग्लू ओढ सहन करतो पण आडवा धक्का लागला की पटकन सुटतो. शोकेसमधून उचलताना हात गळून पडतो तो याचमुळे. बोटभर जाडीच्या पुढचा प्रत्येक सांधा, आणि वजन पेलणारा प्रत्येक सांधा, म्हणजे घोटे, कंबर, मान, पिन घालूनच जोडा.

दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर यायला हवीत, तीच खरी कसरत आहे. एका पार्टच्या मध्यावर ड्रिलने साधारण ५ ते ८ मिलिमीटर खोल भोक पाडा. त्यात पितळी तारेचा तुकडा घाला, फक्त अर्धा-एक मिलिमीटर बाहेर दिसेल एवढाच. त्या टोकाला गडद रंगाचा ठिपका लावा, दोन्ही पार्ट खुंटी-खोबण बघून नेमके जुळवा आणि दाबा. समोरच्या पार्टवर जिथे ठिपका उमटला तिथे दुसरं भोक. ड्रिल बिट दोन्ही बाजूंनी बघत सरळ ठेवा, समोरून सरळ दिसतं आणि बाजूने तिरकं असतं असं फार होतं. बारीक मनगटात वगैरे भोक पाडताना आधी सुईने एक टिंब उठवा म्हणजे बिट घसरत नाही. मग खरी, लांब पिन कापून घाला. तरी किंचित चुकलंच तर एका बाजूचं भोक थोडं सैल करा, तिथे एपॉक्सी भरा, तो सुकेपर्यंत पार्ट हवा तसा सरकवून नेमका बसवता येतो. मोठ्या फिगरच्या पायांना स्पोकची पिन घाला आणि ती टाचेतून खाली बेसमध्ये जाईल एवढी लांब ठेवा. विजेच्या वायरमधली तांब्याची तार वजनाला नको, ती वाकते.

जोडणं

सगळं एकदम जोडू नका. रंगवताना ब्रश जिथे पोचणार नाही असे पार्ट वेगळे रंगवून नंतर जोडायचे, उदाहरणार्थ केसांचा पुढचा भाग चेहऱ्यापासून वेगळा, अंगरखा पायांपासून वेगळा. एकाच रंगाचे आणि मधली फट दिसणारे पार्ट मात्र आत्ताच जोडून फट भरून घ्या.

जोडायच्या दोन्ही पृष्ठभागांवर ब्लेडने बारीक जाळी कोरा, ग्लूला पकड मिळते. छोट्या पार्टला सुपर ग्लू, अगदी एक थेंब, जास्त लावला म्हणजे जास्त पक्का होतो असं नसतं. मोठ्या आणि पिनवाल्या सांध्याला एपॉक्सी, दोन्ही ट्यूब समान प्रमाणात नीट मिसळून, आणि पॅकवर पाच मिनिटं लिहिलेलं असलं तरी पूर्ण ताकद यायला एक रात्र तसंच राहू द्या.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्यांनी सुपर ग्लूबाबत खास काळजी घ्या. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच सेट होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तो पटकन पकडतो, पार्ट सरकवायला वेळच मिळत नाही, आणि बंद हवेत सांध्याभोवती पांढरी भुरी धरते. ग्लू कमी वापरा आणि खिडकी उघडी ठेवा म्हणजे भुरी कमी येते. बाटली हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त टिकते, पण बाहेर काढल्यावर रूम टेंपरेचरला आल्याशिवाय उघडू नका. आणि सांडलेला ग्लू कापसाने किंवा सुती कपड्याने कधीच पुसू नका, सुती धाग्याशी त्याची रिअॅक्शन होऊन चटका बसेल इतकी उष्णता निघते. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात धरा आणि हळूहळू सोलल्यासारखी सोडवा, ओढू नका.

फटींसाठी एपॉक्सी पुटी. एम-सील चालते, पण ती जरा दाणेदार वाटते, चेहऱ्याजवळ मिलिपुट किंवा तामियाची बारीक पुटी जास्त साफ बसते. ग्लोव्हज घाला, दोन्ही भाग एकरंगी होईपर्यंत मळा, फटीत भरा आणि ओल्या बोटाने किंवा ओल्या ब्रशने कड सपाट करा, जेवढं आत्ता नीट कराल तेवढं नंतर घासायला कमी. ही पुढची युक्ती सगळ्यात कामाची आहे, जे पार्ट रंगवून नंतर जोडायचेत त्यांची फट भरताना एका बाजूला पातळ व्हॅसलिन लावा, दुसऱ्या बाजूला पुटी, दोन्ही दाबून जुळवा, बाहेर आलेली पुटी पुसा आणि सुकल्यावर पार्ट वेगळे करा. सांधा साच्यातून काढल्यासारखा नेमका बसतो आणि पार्ट सुटेच राहतात. व्हॅसलिन नंतर साबणाने नीट धुवा.

प्रायमर

सगळे पार्ट परत एकदा साबणाने धुवून, पूर्ण वाळवून ग्रे प्रायमर मारा. मिस्टर सरफेसर १००० मिळाला तर उत्तम, ऑटो पेंटच्या दुकानातला ग्रे प्रायमर स्प्रेसुद्धा चालतो. २०-२५ सेंटिमीटरवरून पातळ दोन-तीन हात, एकाच हातात झाकायचा प्रयत्न केला की ओघळ येतात. गॅलरीत किंवा गच्चीवर मारा आणि साधा धूळमास्क इथे पुरत नाही, वाफेसाठी कार्बन फिल्टरवाला हवा. धो धो पाऊस असेल त्या दिवशी थांबा, दमट हवेत फवारा पांढरट पडतो.

ग्रे कोट बसला की राहिलेली प्रत्येक रेघ, भोक, ओरखडा दिसतो. कितीही नीट केलं तरी काहीतरी दिसतंच, प्रायमर त्यासाठीच असतो. पेन्सिलने गोल करा, पुटी किंवा ग्लूने भरा, ६०० ने ओलं घासा, तेवढ्याच भागावर परत प्रायमर. चेहऱ्यावर हे दोन-तीन वेळा करावं लागेल आणि करावंच, बघणारा माणूस सगळ्यात आधी चेहराच बघतो.

आणि ती गेटची डबी आता काढा. तोच प्रायमर त्या तुकड्यांवर मारा, एक दिवस सुकू द्या, मास्किंग टेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपला प्रायमर लागून आला तर धुण्यात कसर राहिली किंवा तो प्रायमर या रेझिनला धरत नाही, आणि मग आधी ते सोडवा. नाही आला तर रंगाच्या बाटल्या उघडा, पहिले सगळे शेड त्याच तुकड्यांवर ट्राय करा.